घडवणाऱ्याची सही

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला ते आकाशात नेण्याची परवानगी कशी मिळते, यावर आज आपण सावकाश मनन करणार आहोत. तुम्हाला स्वतःला कधी विमान बांधायचं नसलं तरी चालेल. या परवानगीच्या वाटेवर जे प्रश्न विचारले जातात, ते हाताने काहीही घडवणाऱ्या माणसाने स्वतःला विचारावेत असे आहेत. म्हणून घाई करू नका. एकेक भाग वाचून झाला की पान खाली ठेवा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि मग पुढे या.

जागा अमेरिकेची घेऊ, कारण ही परंपरा तिथे खोलवर रुजली आहे. तिथल्या खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात जवळजवळ १० टक्के विमानं हौशी माणसांनी बांधलेली आहेत. गाडीच्या गॅरेजात, शेतावरच्या कोठारात, छोट्या धावपट्टीकडेच्या हँगरमध्ये ही कामं वर्षानुवर्षं चालू असतात. कुणी नुसत्या आराखड्यांवरून बांधतं; बरेच जण किट मागवतात, म्हणजे पत्रे, फासळ्या, बोल्ट आणि जाडजूड माहितीपुस्तक खोक्यांतून घरी येतं. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी माणूस त्यातून विमान उभं करतो.

नियम काय विचारतो

कारखान्यात बनणाऱ्या विमानाच्या आराखड्याला आधी मंजुरी घ्यावी लागते. पंख किती भार पेलतो, इंजिन बंद पडलं तर विमान कसं वागतं, हे चाचण्या करकरून सिद्ध करावं लागतं. त्यानंतर त्याच आराखड्याबरहुकूम प्रत्येक विमान तयार झालं की नाही, ते पाहिलं जातं. एकट्या माणसाने बांधलेल्या एकट्या विमानाकडून एवढं सगळं मागितलं, तर कुणीच काही बांधू शकणार नाही.

म्हणून एफएए, म्हणजे तिथली हवाई वाहतुकीची केंद्रीय यंत्रणा, इथे निराळं विचारते. विमानाचा मोठा भाग कुणी घडवला? आणि कशासाठी घडवला? नियम असा आहे की, ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी अंगावर घेतलं, त्यांनीच विमानाचा मोठा भाग घडवलेला आणि जोडलेला असावा. विकून पैसे कमावण्यासाठी बांधलेल्या विमानाला ही वाट बंद आहे.

हा नियम आपोआप आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या केंद्रीय नियमांत घरगुती विमानांना नीटशी जागा नव्हती. ओरेगन राज्यातले जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये 'लिटल जी बी' नावाच्या छोट्या घरगुती विमानात बसले आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, थेट राजधानी वॉशिंग्टनला पोचले. अधिकाऱ्यांपुढे त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. त्यांचं विमान बाहेर उभं होतं, आणि ते एवढं अंतर उडून आलं होतं. १९५२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांसाठी स्वतंत्र नियम झाले. पुढच्याच वर्षी पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत अशा बांधणाऱ्यांची संघटना काढली, ती आज ईएए या नावाने जगभर ओळखली जाते. 'लिटल जी बी' आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

इथे थांबा. सरकारी कायद्यात माणसाच्या शिकण्याला परवानगीचं कारण मानलेलं आहे, एवढीच गोष्ट मनात धरा. तुम्ही सध्या जे काही घडवत असाल, एखादं कपाट, एखादं पुस्तक, एखादी शेती, ते कशासाठी हाती घेतलंत, हे स्वतःला विचारा. उत्तर लगेच देऊ नका.

एक रिव्हेट

आता नजर अगदी जवळ आणू. ॲल्युमिनियमच्या विमानात पत्रे जोडणारे हजारो रिव्हेट असतात. त्यातला एकच घेऊ. त्याची दांडी ३/३२ इंच जाडीची, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर. नखाच्या टोकावर मावेल एवढा तो असतो.

तो बसण्याआधी बरंच काही होतं. पत्रा आणि आतली फासळी एकमेकांवर धरून, क्लेको नावाच्या छोट्या स्प्रिंगच्या पकडींनी घट्ट जखडून, एकत्र ड्रिल मारतात. मग ते पुन्हा सोडवतात. भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे ड्रिलने उरलेली धारदार कड, काढतात, कारण तिथे राहिलेला बारीकसा काप पुढे चिरेचं मूळ होऊ शकतो. रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खोलगट दाब देतात. गंजू नये म्हणून आतून प्रायमर मारतात. मग पुन्हा जुळवणी. आता एका बाजूने रिव्हेट गन आणि दुसऱ्या बाजूने हातात धरलेला पोलादी ठोकळा, बकिंग बार. गन धडधडते आणि आतल्या बाजूची दांडी चेपून तिचं दुसरं डोकं तयार होतं.

ते डोकं कसं असावं याचं माप ठरलेलं आहे. रुंदी दांडीच्या जाडीच्या दीडपट, उंची जाडीच्या निम्मी. हे तपासायला छोटी पट्टी मिळते. डोकं कमी चेपलं, जास्त चेपलं, तिरकं झालं किंवा त्याला चीर गेली, तर विचार करावा लागतो. रिव्हेट काढायचा म्हणजे त्याच्या डोक्यात मधोमध ड्रिल मारून तो अलगद बाहेर काढायचा. हात जरा हलला तर भोक मोठं होतं आणि आधीपेक्षा वाईट काम होतं. म्हणून किंचित कमी-जास्त असलेला रिव्हेट तसाच ठेवणं कधीकधी जास्त शहाणपणाचं असतं. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे कळणं म्हणजेच ती शिकवण, जिच्यासाठी नियमाने वाट मोकळी ठेवली आहे.

मग पंखाचा शेवटचा पत्रा चढतो. आतलं डोकं, फासळी, प्रायमर, सगळं कायमचं झाकलं जातं. बाहेरून दिसतो तो गुळगुळीत, सपाट पृष्ठभाग. पाहुणे त्यावरून हात फिरवतात आणि वाहवा करतात.

या एका रिव्हेटवर थोडा वेळ राहा. तुमच्या कामातला असा भाग आठवा, जो पुरा झाल्यावर कुणालाच दिसणार नाही. तो करताना तुमचा हात कसा होता? डोळे मिटून त्या कामाचा शेवटचा टप्पा एकदा मनात पुन्हा करून पाहा, जसा व्हायला हवा होता तसा.

वही

झाकलेलं काम पुढे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी वही. बांधणाऱ्याचा लॉग.

एफएए त्याचा ठरीव नमुना लादत नाही. वही असो, संगणकातली नोंद असो, तिला पुरावा हवा असतो: कुठल्या तारखेला काय केलं, पुस्तकातल्या कुठल्या पायरीचं, किती वेळ. सोबत फोटो, आणि त्या फोटोंत निदान काही ठिकाणी बांधणारा स्वतः दिसायला हवा. नुसत्या पंखाच्या फोटोवरून तो पंख कुणी बांधला, हे कळत नाही. पत्रे, बोल्ट, प्रायमर यांच्या पावत्याही जपायच्या.

ही वही दुकानदाराच्या रोजमेळासारखी असते. त्या दिवसाची नोंद त्या दिवशीच झाली तर तिला किंमत; आठवड्याने आठवून लिहिली तर तिच्यात आपल्याला हवं तेच उतरतं. "काल बसवलेले सहा रिव्हेट आज काढले, दोन भोकं मोठी झाली, किट बनवणाऱ्या कंपनीला विचारून एक माप मोठे रिव्हेट घातले," अशी नोंद चांगल्या वहीत असते. ती लिहिताना लाज वाटण्याचं कारण नाही. तपासायला येणारा अनुभवी माणूस अशी नोंद पाहून निश्चिंत होतो, कारण एवढ्या मोठ्या कामात एकही गोष्ट चुकली नाही असं म्हणणाऱ्या वहीवर विश्वास ठेवणं अवघड असतं.

वहीचा आणखी एक धर्म आहे. अर्धवट राहिलेली विमानं विकली जातात. कुणाची तब्येत साथ देत नाही, कुणाची नोकरी दुसऱ्या गावी जाते, कुणी काम अर्ध्यावर असताना जगाचा निरोप घेतं आणि घरची माणसं ते किट दुसऱ्या बांधणाऱ्याला देतात. दुसरा माणूस ते पुरं करू शकतो, कारण नियम एकाच माणसाने सगळं करावं असं म्हणत नाही. सगळ्या हौशी हातांचं मिळून मोजलं जातं. पण पहिल्याची वही, फोटो आणि पावत्या सोबत आल्या तरच पहिल्याचं काम धरता येतं. वही हरवली, तर पहिल्या माणसाने घालवलेल्या संध्याकाळी कागदावर उरत नाहीत.

इथे थांबून एवढंच पाहा: तुमच्या मागे तुमचं काम दुसऱ्या कुणी उचललं, तर त्याला ते समजेल का? त्यासाठी आज कुठली एक ओळ लिहून ठेवावी लागेल?

माझं किती

मोठा भाग स्वतः बांधलेला असावा, याला बांधणाऱ्यांच्या भाषेत ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पण हे टक्के मोजायचे कसे? पैशांवर नाही, वजनावर नाही, तासांवरही नाही. कामांवर.

त्यासाठी लांबलचक यादी असते. शेपटीची फासळी तयार करणं, पंखाचा कणा जोडणं, नियंत्रणाच्या दांड्या बसवणं, इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, असं एकेक काम वेगळं लिहिलेलं असतं. प्रत्येक कामापुढे चार रकाने. किट बनवणाऱ्याने किती केलं, पैसे देऊन घेतलेल्या मदतीने किती झालं, हौशी बांधणाऱ्याने किती जोडलं आणि हौशी बांधणाऱ्याने किती मुळात घडवलं. एकेक काम या रकान्यांत दशांशांनी वाटायचं. एखाद्या कामाचे सात दशांश कारखान्याचे आणि तीन दशांश आपले असतील, तर तसंच लिहायचं. नुसती जोडणी पुरत नाही. काही गोष्टी मुळापासून घडवलेल्याही असाव्या लागतात. बऱ्याच किटांची ही छाननी एफएएने आधीच केलेली असते, म्हणजे कारखान्यातून किती तयार होऊन आलं, हे बांधणाऱ्याला नव्याने सिद्ध करावं लागत नाही.

काही गोष्टी यादीतच नाहीत. इंजिन, पंखा, टायर, उपकरणं तयार विकत घेतली तरी हरकत नाही. कुणी घरी अल्टीमीटर बनवावा अशी अपेक्षा नाही. रंगकाम आणि सीटची गादीही मोजली जात नाही. सगळ्यांच्या नजरेत भरणारा रंग या हिशेबात धरलेलाच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मदतीचा हिशेबही नेमका आहे. शेजाऱ्याने, मुलीने, मित्राने बकिंग बार धरला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, तर ते काम हौशी बांधणीतच धरलं जातं. एकट्याने पोचता येणार नाही अशा जागी दुसरा हात लागतोच. पण पैसे देऊन कुणाकडून काम करून घेतलं, तर ते वेगळ्या रकान्यात जातं. तशी मदत घ्यायला बंदी नाही. फक्त ती आपली म्हणून मोजायची नाही.

आता हे चार रकाने आपल्या आयुष्यातल्या एखाद्या कामापुढे मांडा. जे तुम्ही 'मी केलं' म्हणून सांगता, त्यात तयार मिळालेलं किती, विकत घेतलेलं किती, इतरांनी प्रेमाने दिलेलं किती आणि खरोखर तुमच्या हातचं किती? आकडा छोटा निघाला तरी घाबरू नका. बरोबर वाटणी केलेले तीन दशांश, फुगवलेल्या दहा दशांशांपेक्षा जास्त भक्कम असतात.

सही

विमान उभं राहिलं की कागद येतात. नोंदणीचा अर्ज करून एन अक्षराने सुरू होणारा क्रमांक घ्यायचा. मग फॉर्म ८१३०-१२. हे पात्रतेचं निवेदन असतं: हे विमान आम्ही शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलं, मोठा भाग आमच्या हातचा आहे, आणि त्याचे पुरावे आमच्याकडे आहेत. त्यावर सही करायची. खोटं लिहिलं तर तो केंद्रीय कायद्याने गुन्हा.

आणखी एक सही धातूवर असते. प्रत्येक विमानाला आगीत न जळणारी पाटी लावावी लागते. बहुधा ती स्टेनलेस स्टीलची असते. तिच्यावर निर्मात्याचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. किट कुठल्याही नामांकित कंपनीचं असो, पाटीवर निर्माता म्हणून नाव येतं ते बांधणाऱ्याचं. विमानाचे सगळे तुकडे जळून गेले तरी ती पाटी वाचता यावी, यासाठी ती न जळणारी.

या पाटीसमोर जरा बसा. तुमच्या कामावर तुमचं नाव असं कोरलं जाणार असेल, की वाईटात वाईट दिवशीही ते पुसलं जाणार नाही, तर आज हातात असलेल्या कामात तुम्ही काय बदलाल? एकच गोष्ट मनात येऊ द्या. ती पुरे.

तपासणीचा दिवस

तपासायला एफएएचा इन्स्पेक्टर येतो, किंवा तिने नेमलेला, त्यासाठी फी घेणारा अधिकृत प्रतिनिधी. त्या दिवशी झाकणं उघडलेली असतात, सीटा बाहेर काढलेल्या असतात, इंजिनावरचं आवरण जमिनीवर असतं.

तो टॉर्च घेऊन आत वाकतो. नटांवर आवळल्यावर ओढलेली रंगाची रेघ आहे का, ती तुटलेली तर नाही ना? जो सांधा फिरतो, तिथल्या नटात स्प्लिट पिन घातली आहे का? दांडी डावीकडे केली की डाव्या पंखाची मागची पट्टी वर जाते ना? हे तो हमखास पाहतो, कारण उलट जोडलेली नियंत्रणं जमिनीवर गमतीची वाटली तरी हवेत जीवघेणी असतात. विमानाचं वजन आणि तोलबिंदू यांचा हिशेब तो कागदावर पडताळतो.

पंखाच्या आत मात्र त्याला दिसत नाही. बंद झालेल्या हजारो रिव्हेटांपुढे तो आणि आपण सारखेच आहोत. म्हणून तो वही मागतो, फोटो उलटतो आणि प्रश्न विचारतो. हा कणा जोडताना काय अडलं? टाकी गळते का, हे कसं पाहिलंत? ज्याने बांधलं आहे, तो अडलेल्या जागा लगेच सांगतो. ज्याने बांधून घेतलं आहे, त्याला त्या आठवत नाहीत, कारण तो तिथे अडलाच नव्हता.

मंजुरी मिळाली तरी विमानावर दोन गोष्टी लिहाव्या लागतात. 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द, निदान २ इंच उंच अक्षरांत, आत शिरताना दिसेल असा. आणि आत, प्रवाशाला दिसेल अशी सूचना, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानांना लागू असलेली सुरक्षेची मानकं ते पाळत नाही. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर आपल्या कामाच्या मर्यादा आपणच लिहून ठेवायच्या. येणाऱ्याने वाचून ठरवायचं की सोबत उडायचं की नाही.

थोडं थांबा. ज्याला तुमच्या कामावर विसंबायचं आहे, त्याला तुम्ही मर्यादा आधी सांगता का? आजच कुणाला काय सांगायचं राहून गेलं आहे, ते आठवा.

एकट्याचे तास

परवानगी मिळाली म्हणजे कुटुंबाला घेऊन निघायचं, असं नाही. पहिला टप्पा चाचणी उड्डाणांचा. ठरवून दिलेल्या हद्दीत, दाट वस्तीवरून आणि गजबजलेल्या हवाई मार्गांतून न जाता, सोबत प्रवासी न घेता. इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. आता तासांच्या जागी ठरावीक चाचण्यांची यादी पुरी करण्याचीही सोय आहे. नव्या विमानात चाचणीसाठी अनुभवी दुसऱ्या वैमानिकाला सोबत घेण्याचा मार्गही काही अटींवर खुला झाला आहे.

या तासांत बांधणारा आपल्या विमानाला पुन्हा एकदा नव्याने भेटतो. किती वेगाला पंख हवा सोडतात? चढताना इंजिनाचं तापमान कुठवर जातं? उतरताना किती धावपट्टी लागते? दुसऱ्याच्या पुस्तकातला आकडा इथे उपयोगी नाही, कारण हे नेमकं विमान जगात एकच आहे. प्रत्येक आकडा मोजायचा, लिहायचा. शेवटी वहीत स्वतः नोंद करायची की विमान ठरलेल्या सर्व वेगांत आणि हालचालींत ताब्यात राहतं, आणि त्यात धोकादायक असा दोष नाही. तेव्हाच शेजारची सीट मोकळी होते.

आपल्यानंतर

१२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात विमान कोसळून गेले. बर्ट रुटान यांनी आराखडा केलेलं ते लाँग-ईझी जातीचं विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. बांधलं दुसऱ्याच कुणी होतं. रुटान यांच्या आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. डेन्व्हर यांना त्या खटक्यापर्यंत हात पोचवणं जड जात होतं. निघण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाबरोबर त्यांनी पक्कड लावून तो लांब करता येतो का, हेही पाहिलं, जमलं नाही. इंधन कमी होतं. हवेत टाकी बदलण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष निघाला. खटक्याची ती अवघड जागा आणि त्यावर खुणा नसणं, हे अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत नोंदलं गेलं. इंधनाच्या तयारीतली कमतरता आणि नव्या जातीच्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण, हीही कारणं तिथेच नोंदली गेली.

बांधणाऱ्याला आपल्या सोयीने बदल करण्याचं स्वातंत्र्य होतं. ते स्वातंत्र्य या परंपरेचा प्राण आहे. पण त्या निर्णयाची किंमत त्याच्यानंतर त्या सीटवर बसलेल्या माणसाच्या वाट्याला आली.

ही एकटी घटना नव्हे. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने २०१२ मध्ये अशा विमानांचा मोठा अभ्यास केला. ताफ्यातला वाटा जवळजवळ १० टक्के असताना २०११ सालच्या छोट्या विमानांच्या अपघातांपैकी १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांपैकी २१ टक्के याच विमानांचे होते. त्या वर्षी अपघात झालेल्या हौशी विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं दुसऱ्याने बांधलेली, वापरलेली घेतलेली होती.

नियमाला हा फरक ठाऊक आहे. विमान बांधणाऱ्याला त्याच एका विमानासाठी दुरुस्तीकाराचं प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि दरवर्षीची तपासणी तो स्वतः करून सही करू शकतो. विमान विकलं, तर ते प्रमाणपत्र नव्या मालकाकडे जात नाही. त्याच्या जोरावर त्याला सही करता येत नाही. हाताने मिळवलेलं ज्ञान विक्रीत मिळत नाही.

म्हणून इथे जास्त वेळ बसा. तुम्ही तुमच्या सोयीने कुठला खटका खांद्यामागे नेला आहे? घरात, कामाच्या जागी, एखाद्या व्यवस्थेत? तुम्हाला सवय आहे, म्हणून तो सापडतो. नवख्याचा हात कुठे जाईल, ते पाहा. त्या जागी निदान एक खूण करा.

चारकोपची गच्ची

ही तपश्चर्या मुंबईनेही पाहिली आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची नागरी हवाई वाहतुकीची यंत्रणा, हिची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. लोकांनी पाहिल्यापासून परवानगीपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला.

आपल्याला गच्चीवरचं विमान चटकन भावतं, त्याची छायाचित्रं आपण एकमेकांना पाठवतो. त्यानंतरची वर्षं मात्र आपल्या गप्पांत क्वचितच येतात. जिथे वाट मळलेली नाही, तिथे अर्ज करणं, उत्तरं देणं, पुन्हा तपासून दाखवणं हाही बांधणीचाच भाग असतो, आणि तो करणाऱ्याला रिव्हेट मारणाऱ्याइतकाच धीर लागतो. आपल्याकडे असे आणखी बांधणारे उभे राहायला हवे असतील, तर कौतुकाबरोबर त्यांच्यासाठी स्पष्ट, आधीच माहीत असलेली वाट आपण मागायला हवी: काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं आणि कशावर जोखलं जाईल.

मननाचा शेवट

आता एकदा सगळं मनात आणा. झाकलेला रिव्हेट, त्याच दिवशी लिहिलेली ओळ, दशांशांची वाटणी, न जळणारी पाटी, प्रवाशासाठीची सूचना, एकट्याचे तास, खांद्यामागचा खटका. यातल्या कुठल्याही टप्प्यावर विमान निर्दोष असल्याची खात्री सरकारने दिलेली नाही. ज्याने घडवलं, त्याने खरं सांगितलं आहे आणि त्याला आपलं काम ठाऊक आहे, एवढं मान्य करून वाट मोकळी केली आहे. माझ्या मते कुठल्याही हातकामाला मिळणारं याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

तुमच्यापैकी कुणी खरोखर विमान बांधायला घेणार असेल, तर पहिला पत्रा कापायच्या आधी वही आणा, आणि पहिल्या दिवसापासून लिहा. चुकलेलं आधी लिहा. किट मागवण्याआधी त्याची छाननी झाली आहे का, ते पाहा. पंख बंद करण्याआधी दुसऱ्या अनुभवी बांधणाऱ्याला बोलावून आत पाहायला सांगा. आणि ज्यांना विमान बांधायचं नाही, त्यांनी सध्या हातात असलेल्या कामाची आजची नोंद आजच करावी, आपलं जेवढं आहे तेवढंच आपल्या नावावर लिहावं, आणि मग खाली सही करावी.